मालक बदलला, साचा तोच राहील का?

मुठीत मावणारी धातूची मोटार जाणत्या संग्राहकाच्या हाती दिली, तर तो आधी ती उलटी करून पाहतो. रंग, चाके, उघडणारी दारे यांकडे त्याचे लक्ष नंतर जाते. तळपट्टीवर उमटलेली बारीक अक्षरे हीच त्या गाडीची जन्मपत्रिका असते. मॅचबॉक्सच्या गाड्यांवर पूर्वी ‘इंग्लंड’ असे, पुढे ‘मकाव’, मग ‘चीन’ आणि अलीकडे ‘थायलंड’ असे वाचायला मिळते. नाव एकच, जन्मगावे चार. एखादा नामांकित ब्रँड विकला गेल्याची वार्ता येते तेव्हा खानापूर-बेळगावपासून पणजीपर्यंतच्या हौशी मंडळींना वाटणारी धास्ती याच अक्षरांशी निगडित असते.

खानापूर हे काही खेळण्यांच्या बाजारपेठेचे गाव नव्हे. तरीही गोव्याच्या शेजारामुळे या पट्ट्यात अशा गाड्यांचे अप्रूप जुने आहे. मुक्तीपूर्व गोव्यात परदेशी माल सहज मिळत असे. इकडे भारतात मात्र आयातीवर कडक निर्बंध होते आणि ग्राहकोपयोगी वस्तूंवरील ते निर्बंध पूर्णपणे उठायला २००१ साल उजाडावे लागले. त्यामुळे जुन्या घरातील कपाटात एखादी इंग्लिश गाडी सापडलीच, तर ती बहुधा बोटीवर नोकरीला असलेल्या मामाने किंवा आखातातून परतलेल्या काकाने आणलेली असते. तिचा भाव सांगण्याआधी ती कोणी आणली हे सांगितले जाते.

ब्रँड विकला जातो म्हणजे नेमके काय विकले जाते? नाव विकले जाते, हे उघड आहे. पण त्याबरोबर पोलादी साचे जातात की नाही, कारखाना आणि त्यातील अनुभवी माणसे जातात की नाही, हे प्रत्येक व्यवहारात वेगळे असते. खानापूरकरांना हा फरक कौलांवरून चटकन उमगावा. कौलाच्या पाठीवर कारखान्याचे नाव उमटलेले असते. साचा दुसऱ्याच्या हाती गेला तरी कौल हुबेहूब तसेच निघेल. पण माती, भट्टी आणि भाजणारा हात बदलला, तर तो बदल पहिल्याच पावसाळ्यात छपराखालच्या माणसाला कळतो. गाड्यांच्या बाबतीत आणखी एक बाजू असते, ती म्हणजे मूळ मोटार कंपन्यांची परवानगी. करार संपला की साचा तयार असूनही गाडी काढता येत नाही. फेरारीच्या गाड्या हॉट व्हील्सच्या मालिकेतून सुमारे दहा वर्षे नाहीशा झाल्या होत्या, त्या २०२५ मध्ये परतल्या; तेथे तर मालकही बदलला नव्हता.

मालकीबदलाचा सर्वांत बोलका इतिहास मॅचबॉक्सचा आहे. १९४७ मध्ये लंडनमध्ये लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ या दोघांनी लेस्नी ही कंपनी काढली. आडनाव एक असले तरी दोघांत नाते नव्हते. त्यांना येऊन मिळालेले जॅक ओडेल हे साच्यांचे खरे जाणकार. १९५३ मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या रथाची छोटी प्रतिकृती दहा लाखांहून अधिक खपली. ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे नेण्याची मुभा होती, त्यातून काडेपेटीएवढ्या मोटारींची कल्पना निघाली. १९६८ मध्ये अमेरिकेच्या मॅटेल कंपनीने वेगाने पळणाऱ्या हॉट व्हील्स बाजारात आणल्या आणि लेस्नीला १९६९ मध्ये घाईने ‘सुपरफास्ट’ चाके बसवावी लागली. हे ओझे कंपनीला फार काळ पेलले नाही. १९८२ मध्ये लेस्नी दिवाळखोरीत गेली. हाँगकाँगच्या युनिव्हर्सल कंपनीने ब्रँड घेतला आणि उत्पादन मकावला हलले. १९९२ मध्ये तो टायकोकडे गेला आणि १९९७ मध्ये टायकोसह मॅटेलच्या हाती आला. ज्या प्रतिस्पर्ध्याने जेरीस आणले होते, तोच मालक होऊन बसला.

तेव्हा जगभरच्या संग्राहकांना एकच भीती होती, की हॉट व्हील्सच्या पुरात मॅचबॉक्स वाहून जाईल. तसे झाले नाही, नाव टिकले. मात्र २००३ च्या सुमारास ‘हिरो सिटी’ या नावाखाली रस्त्यावर कधी न दिसणाऱ्या, काल्पनिक, फुगीर गाड्या आल्या आणि जुने चाहते दुरावले. खऱ्या मोटारींची छोटी प्रतिकृती हाच मॅचबॉक्सचा प्राण होता. पुढे कंपनी त्या वाटेवर परतली. भीती निम्मी खरी आणि निम्मी खोटी ठरली, असेच म्हणावे लागेल.

डिंकीच्या साच्यांचा प्रवास तर थेट भारतात येऊन पोहोचतो. लिव्हरपूलच्या बिन्स रोड कारखान्यातील डिंकी गाड्यांचे काही निवृत्त साचे १९६० च्या दशकाच्या अखेरीस कलकत्त्याच्या एका कंपनीने घेतले आणि ‘निकी’ या नावाने गाड्या काढल्या. रंगकाम ओबडधोबड, धातूची सफाई यथातथाच. त्या काळी त्या दुय्यम मानल्या गेल्या. आज याच ‘निकी’ गाड्या परदेशी संग्राहक शोधत असतात. बिन्स रोडचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला आणि डिंकी हे नाव पुढे मॅचबॉक्सच्याच मालकांकडे गेले.

संग्राहकांची सर्वांत रास्त चिंता धातूविषयी आहे, आणि तीच सर्वांत कमी बोलली जाते. बेळगावच्या उद्यमबागेतील फौंड्रीत वाळूच्या साच्यात लोखंड ओततात आणि साचा मोडून ओतीव भाग बाहेर काढतात. डाय-कास्ट पद्धत याच्या उलट आहे. येथे साचा पोलादी व कायमचा असतो, त्यात वितळलेला जस्ताचा मिश्रधातू दाबाने भरला जातो, तो क्षणात घट्ट होतो, साचा दोन भागांत उघडतो आणि पुन्हा मिटतो. या मिश्रधातूत साधारण चार टक्के ॲल्युमिनियम असते आणि तो ४०० अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो. त्यात शिशाचा अंश किंचित जरी वाढला, तरी धातू आतून पोखरला जातो. आज गुळगुळीत दिसणारी गाडी काही वर्षांनी फुगते, तिला तडे जातात आणि शेवटी तिचा भुगा होतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या कित्येक डिंकी गाड्या अशाच नष्ट झाल्या. या रोगावर औषध नाही. दमट हवेत तो झपाट्याने वाढतो, आणि खानापूर तालुक्यातील पाऊस सर्वांना ठाऊक आहे. नवा मालक स्वस्त पुरवठादाराकडे वळला, तर त्याची शिक्षा आजच्या ग्राहकाला पुष्कळ उशिरा भोगावी लागते. धातूची तळपट्टी जाऊन प्लास्टिकची येणे, ही काटकसर त्या मानाने निरुपद्रवी. ती निदान दिसते तरी.

मालकीबदल नेहमी घातकच असतो, असेही नाही. फ्रान्सची माजोरेट १९६० च्या दशकात सुरू झाली, दिवाळखोरी व अनेक मालक पाहून २०१० मध्ये जर्मनीच्या सिंबा डिकी समूहाकडे गेली. थायलंडमधील कारखाना मात्र चालू राहिला, हात तेच राहिले, आणि आज तिच्या गाड्यांच्या सफाईविषयी चांगलेच बोलले जाते. कॉर्गी १९५६ मध्ये वेल्समध्ये जन्मली, १९८३ मध्ये कोसळली आणि मॅटेलसह अनेक दारे फिरून २००८ मध्ये हॉर्नबीकडे आली. तोवर ती मुलांच्या हातून बहुतांशी प्रौढांच्या काचेच्या कपाटात पोहोचली होती.

भारतीय ग्राहकापुढे याखेरीज एक निराळी अडचण आहे. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. हा परवाना ब्रँडच्या नावाला मिळत नाही, विशिष्ट कारखान्याला मिळतो. नव्या मालकाने उत्पादन दुसऱ्या कारखान्यात हलवले, तर तेथील माल नव्या परवान्यापर्यंत भारतात खेळणे म्हणून विकता येत नाही. शिवाय खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले. दुकानातील फळी काही महिने रिकामी दिसली, तर ब्रँड बंद पडल्याची आवई उठण्याआधी ही शक्यता तपासावी.

अशा काळात विक्रेते ‘जुन्या मालकाचा शेवटचा माल’ म्हणून भाव चढवतात. त्यासाठी धावाधाव करण्याचे कारण नाही. लाखांनी निघालेली गाडी मालक बदलल्याने दुर्मीळ होत नाही. जपून ठेवाव्यात त्या हस्तांतराच्या वेळच्या गाड्या, ज्यांत साचा जुना असतो आणि तळाच्या अक्षरांत नुकताच बदल झालेला असतो. त्या मूळ खोक्यासह, कोरड्या जागी ठेवाव्यात, आणि पावसाळ्यानंतर एकदा प्रत्येक गाडी उलटी करून तिला कोठे तडा गेला आहे का, ते पाहावे.