विश्लेषण : परदेशी विद्यार्थ्यांच्या अभ्यासदौऱ्यातून शेर्पांच्या गावाला काय मिळाले?

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकला दरवर्षी अनेक मराठी ट्रेकर्स जातात. या नेहमीच्या वाटेपासून थोडे बाजूला फोर्त्से हे शेर्पांचे गाव आहे. सुमारे ३,८०० मीटर उंचीवरील या गावात गिर्यारोहण प्रशिक्षण केंद्राची इमारत उभी आहे आणि तिच्या आराखड्यामागे अमेरिकेतील मोंटाना स्टेट विद्यापीठाच्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांचे काम आहे. परदेशी अभ्यासदौरा स्थानिकांच्या उपयोगी कसा पडू शकतो, याचे हे उदाहरण.

समुदायाधारित साहसी पर्यटन म्हणजे काय?

ट्रेकिंग, गिर्यारोहण, राफ्टिंग यांचे निर्णय आणि उत्पन्न बाहेरच्या कंपन्यांऐवजी प्रामुख्याने गावाच्या हाती असणे. नेपाळमध्ये १९८६ साली सुरू झालेल्या अन्नपूर्णा संवर्धन क्षेत्र प्रकल्पात पर्यटकांकडून मिळणारे प्रवेश शुल्क संवर्धन आणि गावांच्या विकासासाठी वापरले जाऊ लागले. १९९७ मध्ये सिरुबारी गावाने होमस्टे सुरू केले. तेथे कोणता पाहुणा कोणत्या घरी उतरणार, हे गावाची समिती ठरवते.

फोर्त्सेची गरज काय होती?

खुंबू भागातील अनेक घरांची चूल गिर्यारोहणावर पेटते. शिखरवाटेवर दोर लावणे, शिड्या बसवणे, सामान वाहणे ही कामे शेर्पा करतात. मात्र, यातील अनेकांनी ही कामे औपचारिक प्रशिक्षणाविनाच सुरू केली. १९९९ मध्ये शिशापांग्मावरील हिमप्रपातात अमेरिकी गिर्यारोहक अ‍ॅलेक्स लोव यांचा मृत्यू झाला. त्यांच्या नावाने स्थापन झालेल्या संस्थेने २००३ मध्ये ‘खुंबू क्लायम्बिंग सेंटर’ सुरू केले. हंगाम संपल्यावर, हिवाळ्यात येथे गाठी, बर्फावरील चढाई, बचावकार्य, प्रथमोपचार आणि इंग्रजी शिकवले जाते. १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबू हिमधबधब्यात १६ नेपाळी कामगारांचा बळी गेला. प्रशिक्षणाने हिमप्रपात थांबत नाही, पण दोर हाताळताना होणाऱ्या चुका कमी होतात आणि जखमी सहकाऱ्याला वाचवण्याची शक्यता वाढते.

विद्यार्थ्यांपुढे आव्हान कोणते होते?

केंद्राला स्वतःची इमारत नव्हती. फोर्त्सेपर्यंत रस्ता नाही. लुक्लाच्या विमानतळावरून पुढे बहुतेक सामान माणसांच्या किंवा याकच्या पाठीवर जाते. त्यामुळे सिमेंट किंवा लोखंड जितके जास्त, तितका खर्च जास्त. शिवाय कडाक्याची थंडी, जळणाची टंचाई आणि भूकंपाचा धोका. म्हणून उन्हाची उष्णता वापरणारी आणि भूकंपाचे धक्के सोसू शकणारी रचना हा आराखड्याचा गाभा ठरला. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळला ७.८ तीव्रतेच्या भूकंपाने हादरवले. खुंबूतील अनेक दगडी घरांची पडझड झाली आणि हा आग्रह किती रास्त होता, हे दिसून आले.

अशा दौऱ्यांवर आक्षेप काय?

विद्यार्थी दोन-तीन आठवड्यांत परततात, अर्धवट काम मात्र गावाच्या गळ्यात पडते. गवंडीकाम न येणारे हौशी हात स्थानिक मजुरांचा रोजगारही हिरावू शकतात. दौऱ्याच्या खर्चातील मोठा वाटा विमान तिकिटांवर जातो. कधी कधी तर गावाने न मागितलेलीच वस्तू बांधली जाते. विद्यार्थ्याला श्रेयांक मिळतात, गावाला केवळ कोनशिला.

मग उपयुक्त दौरा ओळखायचा कसा?

चार प्रश्न पुरेसे आहेत. काम गावाने सुचवले आहे का? मजुरी स्थानिकांना मिळते का? एक तुकडी परतल्यावर पुढची तेच काम हाती घेते का? आणि दुरुस्तीची वेळ आल्यास ती गावातल्या कुणाला जमेल का?

याच खुंबूत एडमंड हिलरी यांनी शेर्पांना काय हवे, असे विचारले होते. उत्तर आले, शाळा. १९६१ मध्ये खुमजुंग येथे ती सुरू झाली आणि आजही तेथे मुले शिकतात. विद्यार्थ्यांच्या दौऱ्याचे यशही त्यांनी परतल्यावर सादर केलेल्या अहवालावर नव्हे, तर ते गेल्यानंतर गावात काय चालू राहिले, यावरच ठरेल.