गाडी मागून बसली? आधी कारण शोधा!

मित्रांनो, सस्पेन्शन हा विषय आपण सगळ्यांनी परीक्षेच्या आदल्या रात्रीच वाचलेला असतो. व्हायव्हात स्प्रिंगचं सूत्र धडाधड सांगतो. पण दिवाळीच्या सुट्टीआधी रूममेटच्या आजोबांची जुनी प्रीमियर पद्मिनी हॉस्टेलच्या दारात उभी राहिली, तेव्हा खाली वाकून नक्की काय बघायचं हे आम्हा चौघांपैकी एकालाही कळेना.

गाडी मागून पार बसली होती. मागे दोघं बसले की प्रत्येक खड्ड्यात धाडकन आवाज! आणि आम्हाला पाच जण, वर बॅगा, असं घेऊन घाट उतरायचा होता. गॅरेजवाल्या काकांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "एक पाटा वाढवू, विषय संपला!" आम्ही मान डोलावणार, तेवढ्यात वर्कशॉपचे सर म्हणाले, "किती बसलीय ते मोजलंत का रे?"

मोजलं नव्हतं. तर मोजायचं कसं? गाडी रिकामी, जमीन सपाट, चारही टायरांत योग्य हवा. मग चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी घ्यायचं. टायरच्या तळापासून मोजलं तर हवेचा फरक त्यात मिसळतो. आमच्या गाडीची उजवी बाजू डावीपेक्षा १५ मिमी खाली निघाली. म्हातारपणाने बसलेली गाडी बहुधा दोन्हीकडे सारखी बसते. एकीकडेच जास्त बसली तर काहीतरी तुटलंय का, हे आधी बघायचं.

काकांनी उजवा पाटा उतरवला. सेंटर बोल्टच्या भोकापाशी एक पान तडकलेलं होतं! भोकामुळे तिथलं माप कमी होतं आणि ताण नेमका तिथेच एकवटतो. वर नवं पान चढवून आम्ही हा दोष झाकून घाटात निघालो असतो.

आता गाडी उचलायचे रूढ उपाय बघू.

पहिला, शॉकअप बदलणे. साध्या तेलाच्या शॉकअपने उंची वाढत नाही. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप फक्त हेलकावे थांबवतो.

दुसरा, जादा पान. सारख्या जाडीच्या पाच पानांची सहा केली की कडकपणा साधारण २० टक्क्यांनी वाढतो. भरलेली गाडी खूश, पण रिकामी गाडी उड्या मारते. जुना शॉकअप ती उडी आवरू शकत नाही. चाक रस्ता सोडतं तेवढा वेळ ब्रेक नावालाच!

तिसरा, लांब शॅकल. शॅकल ५० मिमी वाढवली तर अॅक्सलपाशी गाडी साधारण निम्मी, म्हणजे २५ मिमीच उचलते, कारण अॅक्सल पाट्याच्या मधोमध असतो. शिवाय १.२ मीटरच्या पाट्यावर अॅक्सल दोन अंशांहून जास्त फिरतो आणि प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचा कोन बदलतो.

चौथा, ठोकळा. पाटा अॅक्सलच्या वर बसवलेला असेल तरच मधल्या ठोकळ्याने गाडी वर येते. पाटा खाली असेल तर गाडी उलट आणखी खाली जाते! आधी वाकून बघा, मग ठोकळा कापा.

पाचवा, आणि आम्ही केला तो: तडकलेलं पान बदलून दोन्ही पाट्यांना मूळची कमान परत देणे. ही कमान गॅसच्या ज्योतीने तापवून देऊ नका. तेवढ्या जागेचं टेम्पर जातं आणि पाटा पुन्हा बसतो, नाहीतर तुटतो. हे काम पाटेवाल्याकडेच करावं. एकाच बाजूचं करू नये, जोडीने करावं. बुश रबरी असतील तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून मगच शेवटचे आवळायचे. चाकं लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

आमची गाडी मागून ४० मिमी वर आली. पद्मिनीचा व्हीलबेस २३४० मिमी, म्हणजे गाडीचा कल जवळपास एक अंशाने बदलला. हेडलाइटचा झोत २५ मीटरवर सुमारे ४३ सेंटिमीटर खाली आला. म्हणजे इतके दिवस आजोबा समोरच्यांच्या डोळ्यांत उजेड मारत होते! अर्थात जुन्या बसलेल्या उंचीवर कोणी दिवे जुळवून घेतले असतील, तर ते पुन्हा जुळवावे लागतात. नाहीतर रात्री रस्ता दिसणार नाही.

घाट आम्ही उतरलो, एकदाही धाडकन आवाज न येता. तडकलेलं पान आता रूममेटच्या टेबलावर पेपरवेट आहे. मोजपट्टी दहा रुपयांची, मोजायला वेळ पाच मिनिटांचा. तेव्हा वाचकहो, गाडी उचलण्याआधी एकदा खाली वाका!