दोन शिक्षकांची शाळा आणि दहा टक्के

नाशिकच्या गंगापूर रोडला शिक्षकांची वानवा कधीच नव्हती. केटीएचएम महाविद्यालय इथलेच, आणि धरणाच्या अंगाला गोवर्धन शिवारात मुक्त विद्यापीठ. हाच रस्ता पुढे गिरणारेमार्गे वाघेरा घाट ओलांडून हरसूलकडे जातो. तिकडच्या पाड्यांवर जिल्हा परिषदेची शाळा बहुधा दोनशिक्षकी असते. त्यांतला एक बदलून गेला, की दुसऱ्याने पहिली ते चौथी एकट्याने सांभाळायची, पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा. तो तालुक्याला बैठकीला गेला, की त्या दिवशी शिकवणे बंद.

कायदा नाही म्हणून हे घडते असे नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेतच. कलम २६ तर शाळेतील रिक्त पदे मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपुढे जाऊ नयेत, असे बजावते. ही मर्यादा शाळेची आहे, जिल्ह्याची नव्हे. दोन पदांच्या शाळेत एक पद रिकामे राहिले, तर ते थेट पन्नास टक्के होते. म्हणजे तिथे एकही जागा रिकामी ठेवता येत नाही. आपण मात्र जिल्ह्याचा आकडा मोजतो आणि शहरालगतच्या भरलेल्या शाळांच्या सरासरीत पाडा दिसेनासा होतो.

शिक्षकांच्या बदली धोरणात दुर्गम शाळांसाठी ‘अवघड क्षेत्र’ आले, तिथे तीन वर्षे काढणाऱ्याला बदलीचा हक्क मिळाला. शिक्षकाच्या दृष्टीने ते न्याय्यच; पण पाड्याला टिकणारा माणूस हवा. राज्यपालांच्या ९ जून २०१४ च्या अधिसूचनेने पेसा (अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पंचायत विस्तार कायदा) क्षेत्रातील शिक्षकांसह काही पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखली, त्यामागचा विचार मला पटतो. कोकणा किंवा वारली बोलणाऱ्या पहिलीतल्या मुलाला त्याची बोली समजणारा शिक्षक मिळणे फार मोलाचे आहे. पण आंध्रातील अशाच शंभर टक्के आरक्षणाला सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये घटनाबाह्य ठरवले आणि आपल्याकडची पेसा भरतीही न्यायालयात अडकली. तिच्यासाठी ४ ऑक्टोबर २०२४ रोजी दिंडोरीचे आमदार, तेव्हाचे विधानसभा उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उडी घेतली.

पेसा भरतीच्या निकालाची वाट पाहताना राज्याचे हात बांधलेले नाहीत. शिक्षण हक्क कायद्याचे कलम ३८ नियम करण्याचा अधिकार राज्याला देते. रिक्त पदे शाळानिहाय जाहीर करणे बंधनकारक करावे आणि दोनशिक्षकी शाळेतला शिक्षक, बदली शिक्षक रुजू झाल्याशिवाय कार्यमुक्त होणार नाही, असा नियम करावा.