पंडवानीचे देशांतर

भिलाई या नावाशी पोलादाचा कारखाना इतका घट्ट जोडला गेला आहे की, त्या परिसराला स्वतःची एक वाङ्मयीन परंपरा आहे, याचा सहसा विसर पडतो. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ साली झालेल्या करारातून हा कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून, त्यात महाराष्ट्रातूनही, माणसे येथे कामासाठी आली आणि स्थायिक झाली. याच कारखान्याच्या नोकरीत राहिलेल्या एका स्त्रीने पुढे छत्तीसगढी बोलीतील महाभारत युरोपच्या रंगमंचांवर नेले. भिलाईजवळच्या गनियारी या गावी १९५६ साली जन्मलेल्या पंडवानी-गायिका तीजनबाई त्या ह्याच होत.

आजच्या संगीतव्यवहारात गायक-गीतकाराच्या परदेश-दौऱ्याचा एक ठराविक क्रम असतो. आधी गीते रचली जातात, त्यांची ध्वनिमुद्रिका निघते आणि तिच्या प्रसारासाठी गायक गावोगावी, देशोदेशी फिरतो. श्रोता मुद्रिका ऐकून आलेला असतो. प्रत्यक्ष प्रयोग हा त्याच्या परिचयाच्या संहितेचा पुनःप्रत्यय असतो. पंडवानीचा दौरा या क्रमात बसत नाही. तिच्यात प्रयोगापूर्वी सिद्ध झालेली अशी अंतिम संहिताच नसते. शब्द प्रयोगात घडतात आणि प्रयोगाबरोबरच विरतात. असा कलाप्रकार ज्यांना त्याची भाषा येत नाही अशा श्रोत्यांपुढे उभा राहतो, तेव्हा त्यातील काय पोहोचते आणि काय मागे राहते, हा तौलनिक साहित्याभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम पंडवानीची घडण पाहिली पाहिजे.

पंडवानी म्हणजे पांडवांची वाणी, पांडवांची कथा. गोंड समाजाचे परंपरागत गायक असलेल्या परधानांमध्ये पांडवकथा गाण्याची जुनी रीत आहे आणि तिच्यात भीमाला विशेष महत्त्व आहे. छत्तीसगढच्या मैदानी भागात आज जी पंडवानी ऐकू येते, तिच्यावर मात्र एका लिखित ग्रंथाचा ठसा आहे. सबलसिंह चौहान यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत दोहा-चौपाईत रचलेले महाभारत हा तो ग्रंथ होय. मराठी वाचकाला येथे श्रीधरांच्या 'पांडवप्रताप' ग्रंथाची आठवण होणे स्वाभाविक आहे. दोन्ही रचना जवळजवळ एकाच काळातल्या. दोन्ही संस्कृत महाभारताला सामान्य श्रोत्याच्या भाषेत आणि त्याच्या परिचयाच्या छंदात आणणाऱ्या. तथापि त्यांच्या पुढील वाटा भिन्न झाल्या. 'पांडवप्रताप' हा मुख्यतः वाचून दाखवण्याचा ग्रंथ राहिला. चातुर्मासात ओवी वाचावी आणि तिचा अर्थ सांगावा, अशी त्याची रीत. सबलसिंहांचा ग्रंथ छत्तीसगढात गायकाच्या स्मृतीत शिरला. तेथे तो छत्तीसगढी गद्य, लोकधून, गावचे दाखले आणि तात्कालिक विनोद यांत मिसळून नव्याने आकाराला आला.

पंडवानीचा प्रयोग एकाच मुख्य गायकाभोवती फिरतो. त्याच्या हाती तंबुरा असतो आणि हार्मोनियम, तबला, ढोलक, मंजिरा यांची साथ असते. वंदनेनंतर प्रसंगाला आरंभ होतो. गायक काही भाग गातो, काही वेगाने बोलतो, मधेच पात्र होतो आणि पुन्हा निवेदक होतो. युधिष्ठिराचे दुःख, द्रौपदीचा संताप, भीमाची गर्जना या सर्वांना एकच कंठ असतो. वेशांतर नाही, नेपथ्य नाही. तंबुरा हीच काय ती सामग्री. तीच गदा होते, धनुष्य होते, रथ होते आणि द्रौपदीचे मोकळे केसही होते.

या रचनेतील दुसरा आधार म्हणजे 'रागी'. साथीदारांपैकी हा एक जण गायकाच्या शेजारी बसतो, ओळ उचलून धरतो, हुंकार देतो, प्रश्न विचारतो, आश्चर्य दाखवतो, क्वचित थट्टाही करतो. मराठी परंपरेत त्याचे सोयरे अनेक आहेत. पोवाड्यात शाहिराच्या मागे झील धरणारे झीलकरी आहेत. गोंधळातील आख्यानात मुख्य गोंधळ्याला प्रश्न विचारून कथा पुढे नेणारा साथीदार तर रागीचा सख्खा भाऊच म्हणावा लागेल. वारकरी कीर्तनात टाळकरी ध्रुपद उचलतात. पण तेथे प्रश्नोत्तराचे अंग नसते. रागी हा केवळ साथीदार नव्हे. तो रंगमंचावर बसवलेला श्रोता आहे. समोरच्या जमावाच्या मनात जी शंका उठेल ती तो आधीच बोलून दाखवतो आणि गायकाला उत्तर देण्यास भाग पाडतो. पंडवानीची संहिता या दोघांच्या संवादातून निर्माण होते.

अभ्यासक पंडवानीच्या दोन शाखा मानतात. वेदमती शाखेत गायक बसून गातो आणि ग्रंथाशी अधिक निष्ठा ठेवतो. झाडूराम देवांगन हे तिचे थोर गायक. कापालिक शाखेत गायक उभा राहतो, फिरतो, अभिनय करतो आणि कथेला स्मृती व कल्पना यांच्या बळावर मोकळेपणाने वळवतो. हा भेद सर्वस्वी काटेकोर नाही. तीजनबाई कापालिक शाखेच्या. पण त्यांच्या कथनालाही सबलसिंहांच्या ग्रंथाचा आधार आहे. भेदाचे खरे मर्म शरीराच्या वापरात आहे आणि तेथेच एक सामाजिक मर्यादाही होती. स्त्रियांनी गायचे तर बसून गायचे, असा संकेत होता. उभे राहून भीम होण्याचा अधिकार पुरुषांचा होता.

तीजनबाईंनी हा संकेत मोडला. पारधी समाजातील या मुलीने आपले मातामह ब्रिजलाल यांच्या तोंडून महाभारत ऐकले, ते पाठ केले आणि पुढे उमेदसिंह देशमुख यांच्याकडे शिक्षण घेतले. शाळेचे शिक्षण त्यांना मिळाले नव्हते. वयाच्या तेराव्या वर्षी शेजारच्या चंद्रखुरी गावी दहा रुपये बिदागीवर त्यांनी पहिला जाहीर प्रयोग केला. गाण्याच्या या हट्टापायी जातीने त्यांना बाहेर काढले आणि काही काळ झोपडी बांधून त्यांना एकटे राहावे लागले. पुढे नाट्यदिग्दर्शक हबीब तन्वीर यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले आणि गावाबाहेरचे रंगमंच त्यांना खुले झाले. १९८८ साली दूरदर्शनवर आलेल्या श्याम बेनेगल यांच्या 'भारत एक खोज' या मालिकेत महाभारताची कथा त्यांच्या पंडवानीच्या साहाय्याने सांगितली गेली. १९८० नंतरच्या दशकात त्यांचे परदेश-दौरे सुरू झाले. इंग्लंड, फ्रान्स, स्वित्झर्लंड, जर्मनी, तुर्कस्तान, ट्युनिशिया, माल्टा, सायप्रस, रुमानिया, मॉरिशस असा या प्रवासाचा विस्तार आहे.

या देशांतरात पंडवानीचे रूप कसे बदलते? पहिला बदल काळाचा. गावात पंडवानी अनेक रात्री चालू शकते. श्रोता कालचा धागा आज पुढे धरतो. परदेशी रंगमंचाला एक संध्याकाळ पुरते. त्यामुळे आख्यान मागे पडते आणि प्रसंग पुढे येतो. द्रौपदीचे चीरहरण, दुःशासनवध, भीष्म आणि अर्जुन यांचे युद्ध यांसारखे प्रसंग या मोजक्या वेळात सामावतात, कारण त्यांचा आवेश शब्दाविनाही जाणवतो. ज्या भागात युधिष्ठिर धर्माचा खल करतो किंवा विदुर समजावतो, तो भाग वाहून नेणे कठीण असते. शैलीच्या निवडीचेही असेच आहे. गायक बसलेला असेल तर न समजणाऱ्या भाषेत श्रोत्याला धरून ठेवणे दुष्कर. उभी राहून झेपावणारी कापालिक शैली नजरेला आवाहन करते. वेदमती गायन परदेशी गेलेच नाही असे नव्हे. भिलाईच्याच रितु वर्मा यांनी ते नेले आहे. तरीही पंडवानी म्हणजे कापालिक पंडवानी, असा जो समज दूरवर रूढ झाला त्याचे एक कारण या दौऱ्यांत आहे.

दुसरा बदल अधिक सूक्ष्म आहे आणि तो रागीशी संबंधित आहे. गावात रागी हा श्रोत्यांचा प्रतिनिधी असतो. त्याच्या हुंकाराला जमावाच्या हुंकाराचा पाठिंबा असतो. श्रोत्यांना कथा आधीच ठाऊक असते. ध्वनिमुद्रिका ऐकून आलेल्या रसिकाप्रमाणे तेही मूळ वस्तू कानात घेऊन बसलेले असतात. पुढे काय होणार यापेक्षा आज ते कसे सांगितले जाणार, याची त्यांना उत्सुकता असते. परदेशी सभागृहात कथा अपरिचित आणि भाषाही अपरिचित. फार तर प्रसंगाचा सारांश आधी सांगता येतो. अशा वेळी त्या सभागृहात शब्दन् शब्द समजणारा श्रोता साथीदारांच्या पलीकडे कोणी उरत नाही. रागी प्रतिनिधी राहत नाही. तो एकमेव श्रोता होतो. सभागृह जे पाहते ते एका संवादाचे बाह्य रूप. गायिका बोलते, रागी हसतो आणि त्या हसण्यावरून प्रेक्षक ताडतो की येथे काही विनोदाचे होते. रागी नकळत भाषांतरकाराचे काम करतो. मात्र अर्थाचे भाषांतर त्याला करता येत नाही, केवळ परिणामाचे करता येते.

तिसरी हानी सामाजिक अर्थाची. पारधी स्त्री गावच्या चौकात उभी राहते, तंबुरा खांद्यावर टाकते आणि भीम होते, तेव्हा दुर्ग जिल्ह्यातील श्रोत्याला एकाच वेळी दोन आख्याने ऐकू येतात; एक महाभारताचे आणि दुसरे त्या उभे राहण्याचे. तिने काय ओलांडले आहे हे त्याला सांगावे लागत नाही. परक्या प्रेक्षकाला केवळ सामर्थ्य दिसते. ते कोणत्या निषेधातून आले, हे दिसत नाही.

याच काळातील एका वेगळ्या प्रयत्नाशी तुलना केल्यास मुद्दा स्पष्ट होईल. १९८५ साली पीटर ब्रूक यांनी फ्रान्समधील आव्हीन्यों येथे सुमारे नऊ तासांचे 'महाभारत' सादर केले. झाँ-क्लोद कार्येर यांनी त्याची फ्रेंच संहिता सिद्ध केली होती आणि त्यात अनेक देशांचे नट होते. ब्रूक यांनी कथा घेतली आणि भाषा मागे ठेवली. युरोपीय प्रेक्षकाला तेथे शब्द कळले, युक्तिवाद कळले. पण ज्या समाजांत ही कथा आजही गायली जाते, त्यांचा स्वर त्याला ऐकू आला नाही. पंडवानीने याच्या उलट केले. तिने भाषा सोडली नाही आणि त्यासाठी कथेचा बराचसा अर्थ सोडण्याची किंमत दिली. यांतील कोणता मार्ग महाभारताला अधिक प्रामाणिक, हा वाद निष्फळ आहे. भाषांतर म्हणजे काहीतरी मागे ठेवणेच होय. काय मागे ठेवायचे हे प्रत्येकाने ठरवायचे असते.

मात्र हानीबरोबर लाभही नोंदवला पाहिजे आणि तो परतीच्या वाटेवर झालेला आहे. परदेशातील मान्यता घरच्या परंपरेत परत आली. तीजनबाईंना १९९५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २००३ साली पद्मभूषण, २०१८ साली जपानमधील फुकुओका पुरस्कार आणि २०१९ साली पद्मविभूषण हे सन्मान मिळाले. जिला गाण्यासाठी जातीबाहेर व्हावे लागले, तिचेच गाणे १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आलेल्या छत्तीसगढ राज्याची ओळख ठरले. स्त्रीने उभे राहून पंडवानी गाणे आज अपवाद राहिलेले नाही. भिलाईच्याच उषा बारले यांना २०२३ साली मिळालेली पद्मश्री ही त्याची साक्ष आहे.

तरीही एक उणीव उरते आणि ती प्रेक्षकांची नसून अभ्यासकांची आहे. हे पद्मसन्मान 'कला' या सदरात येतात, 'साहित्य' या सदरात नव्हे. शाळेत न गेलेल्या गायिकेला कवी म्हणावे का, असा प्रश्न पडला की आपण तिला कलावंत म्हणून मोकळे होतो. मिल्मन पॅरी यांनी युगोस्लाव्हियातील कथागायकांच्या अभ्यासातून आणि त्यांचे शिष्य अल्बर्ट लॉर्ड यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातून दाखवले की, मौखिक महाकाव्याचा गायक पाठ केलेले पुन्हा म्हणत नाही. तो प्रत्येक प्रयोगात रचना करतो. पंडवानीचा प्रकार त्याहून गुंतागुंतीचा आहे. तिच्या मागे लिखित ग्रंथ आहे आणि तरीही प्रत्येक रात्रीचे गद्य नवे आहे. लेखी आणि मौखिक यांच्या मधला हा प्रदेश आपल्या वाङ्मयेतिहासांत फारसा मोजला गेलेला नाही. मराठीत कीर्तनाच्या उत्तररंगातील आणि गोंधळातील गद्याचीही हीच कथा आहे. अभंग जतन झाले. ते ज्या बोलण्यात गुंफले जात होते ते बोलणे हरवले.

म्हणून ध्वनिफितींवर आणि चित्रफितींवर जे प्रयोग उरले आहेत, त्यांचे शब्दांकन रागीच्या हुंकारांसह झाले पाहिजे, छत्तीसगढी पाठासह ते छापले गेले पाहिजेत आणि मग त्यांची भाषांतरे मराठीत व इतर भारतीय भाषांत झाली पाहिजेत. परदेशी श्रोत्याने गायिकेच्या आविर्भावाला दाद दिली, यात त्याचा दोष नाही. त्याला तेवढेच उपलब्ध होते. शेजारच्या भाषेत राहणाऱ्या आणि हेच महाभारत कानावर पडत वाढलेल्या अभ्यासकाला मात्र ती सबब सांगता येणार नाही. पंडवानीचा शब्द ऐकण्यासाठी त्याला समुद्र ओलांडायचा नाही. नागपूरच्या पूर्वेला रेल्वेचा काही तासांचा प्रवास करायचा आहे.