पाट दाखवणारं शहर

अल ऐन, संयुक्त अरब अमिराती

घरून, सेलूहून फोन आला की पहिला प्रश्न बुर्ज खलिफाचा. ती दुबईत, इथून दीड तासावर. अल ऐनमध्ये उंच इमारती बांधूच देत नाहीत. दुसरा प्रश्न, "मग त्या वाळूत बघायला काय आहे?" त्याचं उत्तर म्हणून हे पत्र.

इथे पाहुणा आला की त्याला पाणी दाखवतात. शहराच्या मधोमध सुमारे १,२०० हेक्टरांची खजुराची बाग आहे, झाडं दीड लाखाच्या घरात. आत जायला पैसे लागत नाहीत. मातीच्या भिंतींमधून अरुंद वाटा जातात आणि कडेने पाट वाहतो. त्याला फलज म्हणतात. डोंगराच्या पायथ्याशी पाणी लागेपर्यंत विहीर खणायची, तिथून अगदी हलक्या उताराचं भुयार गावापर्यंत आणायचं, हवेसाठी आणि गाळ काढायला मध्ये मध्ये झरोके ठेवायचे. मोट नाही, पंप नाही. प्रत्येक बागेला पाणी पाळीने, वेळ मोजून. हिली भागात सापडलेले असे पाट सुमारे ३,००० वर्षांपूर्वीचे आहेत. १९४६ मध्ये शेख झायेद इथला कारभार पाहू लागले, तेव्हा तेलाचा पैसा यायचा होता. त्यांनी आधी बुजलेले फलज उपसून घेतले आणि पाण्याची वाटणी सुधारली. २०११ मध्ये युनेस्कोने हे सगळं जागतिक वारसा म्हणून नोंदवलं.

जबल हफीतचा डोंगर, त्याच्या पायथ्याची ५,००० वर्षांपूर्वीची दगडी थडगी, जाहिली किल्ला, उंटांचा बाजार, हेही बघावंच. पण मी पाहुण्यांना पाटाकडेच नेतो.

मला हेवा वाटतो तो इथल्या पैशाचा नाही. भूजल इथेही खोल गेलं आहे, आणि बहुतेक पाटांत आता बोअरचंच पाणी सोडतात. तरी पाट मोडला नाही, बुजवला नाही. आपल्याकडे बोअर लागली की जुन्या विहिरीत पहिल्यांदा निर्माल्य पडतं, मग प्लास्टिक, मग घर पाडल्यावरची माती. आणि बाहेरचं कोणी आलं की आपण चहा देत देत सांगतो, "आमच्या भागात बघण्यासारखं काही नाही हो, वेरूळ करा." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतो आहे आणि आता ते ऐकवत नाही.

काही नाही कसं? संभाजीनगरात मलिक अंबरने सतराव्या शतकात जमिनीखालून नहर आणली, ती याच फलजाची बहीण. आपल्या रेल्वेमार्गावरचं ते शहर, पण पाणचक्कीवर फोटो काढून परतणाऱ्या किती जणांनी तिथलं पाणी कुठून येतं ते विचारलं? जिंतूर तालुक्यात चारठाण्याला पुष्करणी आहे, जुनी मंदिरं आहेत, कोरीव स्तंभ उभा आहे. आणि सेलू तालुक्यातच वालूरची बारव! गोल गोल फिरत पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या मी दुसरीकडे कुठे पाहिल्या नाहीत. गावकऱ्यांनी श्रमदान करून तिच्यातला गाळ आणि कचरा उपसला, तेव्हा ते रूप पुन्हा उजेडात आलं. त्या माणसांबद्दल मला अभिमान वाटतो, आणि बाकीच्या आपल्या सगळ्यांवर राग येतो.

इथे माझ्यासोबत काम करणारा एक तरुण अल ऐनचाच आहे. त्याच्या आजोबांची बाग याच पाटावर भिजायची. त्याला वालूरचा फोटो दाखवला. त्याने तो मोठा करून पायऱ्या मोजायचा प्रयत्न केला, आणि मग प्रश्नांची सरबत्ती सुरू केली: कोणी बांधली, उन्हाळ्यात पाणी कुठवर असतं, कोणाची पाळी आधी, गाळ दर वर्षी काढता का? शेवटी म्हणाला, "तुमच्या गावाला पाहुणे भरपूर येत असतील." मी म्हटलं, येतात, लग्नाला. तो हसला नाही. त्याला ते खरंच कळलं नाही.

डिसेंबरात तो वेरूळ-अजिंठ्याला येणार आहे. मी त्याला मनमाडहून परभणीकडे जाणारी गाडी आणि सेलू स्टेशन लिहून दिलं आहे. त्याला वेरूळवरूनच परत पाठवू नका. वालूरला न्या, आणि ज्यांनी गाळ काढला त्यांच्यापैकीच कोणाला तरी सोबत घ्या. त्याच्या प्रश्नांची उत्तरं त्यांनाच माहीत आहेत.