सेकंदाला चार एक्स-रे, रात्रंदिवस

छातीचा एक एक्स-रे काढायचा तर तंत्रज्ञ आधी आडोशाला जाऊन उभा राहतो. आता चला गुरूच्या आयो या चंद्रावर. तिथे दिवसाला 36 सिव्हर्ट किरणोत्सर्ग! म्हणजे साडेतीन लाखांहून अधिक एक्स-रे. मिनिटाला अडीचशे, सेकंदाला चार, रात्रंदिवस. सकाळी उतरलेल्या माणसाने दुपारच्या जेवणाआधीच जीवघेणी मात्रा घेतलेली असेल.

या माऱ्याचा कच्चा माल बहुतांशी आयोच पुरवतो. त्याच्या ज्वालामुखींचं गंधक आणि ऑक्सिजन सेकंदाला सुमारे एक टन या वेगाने अवकाशात निसटतं. एकच टन? पण दिवसाचे सेकंद 86,400! चार हजार टनांची मालगाडी धरली तर रोज एकवीस गाड्या भरून निघाल्या.

या कणांना पकडून ठेवणारं गुरूचं चुंबकत्व पृथ्वीच्या जवळजवळ वीस हजार पट. त्याचं शेपूट शनीच्या कक्षेपर्यंत, 65 कोटी किलोमीटर. मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर धरा, झाल्या 43 लाख खेपा. किलोमीटरला एक रुपया भाडं धरलं तरी तिकीट 65 कोटींचं, तेही एकेरी! आणि या चुंबकत्वाने गुरूभोवती जखडलेल्या किरणोत्सर्गी पट्ट्यातले इलेक्ट्रॉन? प्रकाशाच्या वेगाला जवळजवळ भिडलेले. सेकंदात दोन हजार वेळा मुंबई-पुणे. खंडाळ्याचा घाट कधी आला नि कधी गेला, कळायचंही नाही.

2016 साली गुरूपाशी पोचलेल्या जूनो यानाचा मेंदू या माऱ्यामुळेच टायटॅनियमच्या तिजोरीत आहे. भिंती सेंटीमीटरभर जाड, वजन दोन क्विंटल, म्हणजे गव्हाची चार पोती. ती घेऊन ते गुरूजवळ असं झेपावतं की मुंबई-पुणे सुमारे अडीच सेकंदांत.

पट्ट्यातले हे इलेक्ट्रॉन रेडिओलहरी सोडतात, हे आपलं नशीब; त्यामुळे पट्टा पृथ्वीवरूनही टिपता येतो. 1960 मध्ये कॅलिफोर्नियात राधाकृष्णन (सी. व्ही. रामन यांचे चिरंजीव बरं का!) आणि रॉबर्ट्स या शास्त्रज्ञांनी या लहरींचा पसारा मोजला. गुरूच्या तिप्पट रुंद! म्हणजे चार लाख किलोमीटरांहून जास्त. पृथ्वी आणि चंद्र त्यात सहज मावतील, मधल्या अंतरासकट.

जपानी शास्त्रज्ञांनी हाच पट्टा नारायणगावाजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीतूनही न्याहाळला. 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, एकूण पसरट तोंड बारा एकरांचं. एवढ्या तोंडात त्या प्रचंड पट्ट्याची किती ऊर्जा पडते? आम्ही कागदावर गणित मांडलं आणि पुन्हा तपासलं. घरातला नऊ वॅटचा दिवा एक सेकंद पेटवायचा, तर ती ऊर्जा साठवत बसावं लागेल हजारो वर्षं!