किती माणसं पुरेशी?

डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या रामलिंग अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात पट्टेरी वाघ दिसला. यवतमाळच्या टिपेश्वरमधून साडेचारशेच्या आसपास किलोमीटर तुडवत तो इथवर आला होता. धाराशिव-बार्शीच्या शेतकऱ्याला घोर लागला गुरांचा, तो रास्तच. पण जीवशास्त्राच्या हिशेबात बावीस चौरस किलोमीटरच्या जंगलातला एकटा नर म्हणजे शून्य. वाघीण नाही, तर वंशही नाही.

माणसालाही जनुकं जोडीनेच मिळतात, एक प्रत आईकडून, एक बापाकडून. मग वाघाचाच प्रश्न माणसांना लावू : एखादा मानवसमूह बाहेरच्यांशी सोयरीक न करता टिकायचा, तर किती माणसं हवीत?

ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ इअन फ्रँकलिन यांनी १९८० साली दोन आकडे मांडले. जवळच्या नात्यातल्या संततीचे तोटे थोड्या काळापुरते टाळायला ५०, आणि बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेण्याची ताकद कायम राखायला ५००. पुढे २०१४ मध्ये रिचर्ड फ्रँकहॅम आणि सहकाऱ्यांनी हे आकडे दुप्पट करायला हवेत असं मांडलं. यातली मेख अशी, की ही डोकी नव्हेत. पुढच्या पिढीला जनुकं देण्यात ज्यांचा सारखा वाटा असतो अशा माणसांची ही ‘प्रभावी’ संख्या. दहा पुरुष आणि नव्वद स्त्रिया असा शंभरांचा समूह असेल, तर ती भरते जेमतेम ३६. म्हातारेकोतारे, लेकरं, अविवाहित हे तर मोजणीतच येत नाहीत. प्रभावी संख्या ५० असली की दर पिढीला विविधतेचा एक टक्का गळतो.

आपल्याकडचं उदाहरण बेने इस्राएल समाजाचं. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात जोडपी वाचली आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला, अशी त्यांची परंपरागत कथा. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून कोकणात ते ‘शनिवार तेली’ झाले; मराठी बोलले, गावांवरून पेणकर, रोहेकर अशी आडनावं घेतली. आता चौदा माणसांचा हिशेब करून पाहा : पहिल्या पिढीतच साडेतीन टक्के विविधता जाते, आणि समाज लहानच राहिला तर गळती चालूच.

जनुकांनी सांगितलेली हकिगत मात्र या कथेपेक्षा गुंतागुंतीची आहे, आणि मला ती जास्त आवडते. २०१६ च्या एका अभ्यासात या समाजात मध्यपूर्वेतल्या यहुद्यांचा आणि स्थानिक भारतीयांचा असे दोन्ही वारसे सापडले. यहुदी वारसा मुख्यतः पुरुषांकडून, भारतीय वारसा मुख्यतः स्त्रियांकडून. त्याआधी, २००८ मध्ये, आईकडून येणाऱ्या जनुकांच्या तपासणीत जवळपास चाळीस टक्के लोकांचा माग एकाच आदिमातेपर्यंत लागला होता. म्हणजे मूळ माणसं थोडी, हे कथेतलं मर्म खरं. पण दार पूर्ण बंद नव्हतं. कोकणातल्या बायकांनी ते उघडं ठेवलं.

आता येडशीकडे पाहू. गाव छोटं, म्हणून धोका मोठा, असं वाटेल. तसं नाही. इथे सून बार्शीहून येते, लेक कळंबला किंवा लातूरला दिली जाते. भावकीत लग्न होत नाही. गाव जनुकांच्या दृष्टीने कधीच बंद नसतं. घेर आवळला जातो तो दोन ठिकाणी. पहिलं, मामाच्या मुलीशी लग्न. अशा जोडप्याच्या मुलात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता सोळात एक. मामा-भाचीच्या लग्नात आठात एक. एखाद-दुसऱ्या लग्नाने आभाळ कोसळत नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या तेच घर धरलं की बेरीज चढत जाते.

दुसरं ठिकाण जात, आणि ते जास्त फसवं, कारण तिथे डोकी लाखांनी असतात. आंध्र-तेलंगणातला वैश्य समाज सुमारे ५० लाखांचा. तरी फार पूर्वी मोजक्या पूर्वजांपासून वाढून तो पिढ्यान्‌पिढ्या आपसातच सोयरीक करत राहिला. भुलीच्या वेळी स्नायू सैल करायला देतात ते सक्सिनिलकोलीन शरीरात मोडणारं एक विकर असतं. ते कमी असणारे लोक या समाजात इतरांच्या मानाने कितीतरी जास्त. अशा रुग्णाचा श्वास काही मिनिटांत परत येण्याऐवजी तासन्‌तास यंत्रावर चालवावा लागतो. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधनसंस्थेचे के. थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइश यांच्या चमूने २०१७ मध्ये दक्षिण आशियातले २६३ समूह तपासले. त्यांतल्या ८१ समूहांत मोजक्या पूर्वजांची छाप, तिच्यासाठीच ओळखल्या जाणाऱ्या फिनलंडच्या लोकांपेक्षाही ठळक निघाली.

तेव्हा ५० आणि ५०० हे आकडे वाचताना जनगणनेचा तक्ता उघडू नये. लग्नं कुठून कुठे होतात ते पाहावं. आणि आकडे कमी म्हणून समाज संपतोच, असंही नाही. युरोपातले अश्केनाझी यहुदी मध्ययुगात सुमारे साडेतीनशे प्रभावी माणसांवर आले होते. आज ते कोटीच्या घरात आहेत. उलट पारशी २००१ मध्ये ६९,६०१ होते, २०११ मध्ये ५७,२६४. पाचशेच्या कितीतरी पट. ते घटले ते जनुकांमुळे नव्हे : लग्नं उशिरा, काहींची नाहीतच, आणि मुलं थोडी. २०१३ पासूनची सरकारची ‘जियो पारसी’ योजना म्हणूनच उपचारांचा खर्च देते तो मूल व्हावं यासाठी.